बोरघाटांतील नवा पहारा

कोंकणांतून देशावर चढणाऱ्या वाटा अनेक आहेत. पण बोरघाटाइतकी वर्दळ त्यांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिली असेल. घाटमाथ्यावर खंडाळा व लोणावळा, पुढें इंद्रायणीच्या खोऱ्यांत पसरलेलें मावळ, आणि या साऱ्यांवर नजर ठेवून उभे असलेले राजमाची, लोहगड व विसापूर हे किल्ले. हे किल्ले तेथें उगाच बांधले गेले नाहींत. वाट जेथें अरुंद होते तेथें पहारा बसतो, हा राज्यकारभाराचा जुना नियम आहे. घाट चढून आलेला तांडा कोणाचा, त्यांत माल कोणता, बैल किती, हें चौकीवरचा पहारेकरी पाही, जकात घेई आणि तांड्याला वाट मोकळी करून देई. तांडा वळणाआड गेला कीं पहारेकऱ्याच्या लेखीं तो संपला. वहींत उरे ती जकातीची रक्कम. मनांत कांहीं उरलेंच तर तें चार दिवसांत पुसून जाई.

काळाबरोबर वाट बदलली. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत घाटांतून गाडीरस्ता झाला, १८६३ सालीं आगगाडी घाट चढली, आणि २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला. वाट बदलली तसा पहारेकरीही बदलला. सुमारें ९४ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर जुलै २०२४ पासून ‘आयटीएमएस’ या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी वाहतूक-नियंत्रणाची व्यवस्था सुरू झाली आहे. ठिकठिकाणीं लोखंडी कमानी उभारून त्यांवर कॅमेरे बसविले आहेत, आणि त्यांचीं चित्रें लोणावळ्याजवळ कुसगांव येथील नियंत्रणकक्षांत पाहिलीं जातात. या नव्या पहारेकऱ्याला झोंप येत नाहीं, धुक्याचा व पावसाचा कंटाळा येत नाहीं. परंतु जुन्या पहारेकऱ्याहून त्याचा सर्वांत मोठा वेगळेपणा निराळाच आहे. जुना पहारेकरी विसरत असे. नवा विसरत नाहीं. या एका फरकामुळें नागरिकाच्या खासगी जीवनाचें काय होतें, हा आजचा प्रश्न आहे.

पुण्याचें एखादें कुटुंब पावसाळ्यांतल्या शनिवारीं लोणावळ्यास निघालें आहे, असें समजूं. किवळ्याजवळ गाडी द्रुतगति मार्गास लागते. उर्से येथील टोलनाक्यावर ती क्षणभर थबकते. कोणी खिडकींतून हात बाहेर काढीत नाहीं, नाणें वाजत नाहीं, तरी पथकर भरला जातो आणि गृहस्थाच्या मोबाईलवर तसा संदेश येतो. पुढें कमानीखालून जातांना पाटीवरील नंबर टिपला जातो. गाडींतील चौघांच्या खिशांतले मोबाईल वाटेवरच्या मनोऱ्यांना एकामागून एक आपली हजेरी देत असतात. मुक्कामाच्या हॉटेलांत नांव-पत्ता लिहून ओळखपत्राची छायाप्रत द्यावी लागते. सायंकाळीं मंडळी गरम भजीं खात धुकें पाहत बसतात, तोंपर्यंत त्यांच्या या लहानशा सहलीची नोंद बँक, रस्त्याचें खातें, टेलिफोन कंपनी आणि हॉटेल अशा चार ठिकाणीं झालेली असते. या कुटुंबानें गुन्हा केलेला नाहीं; कोणाला त्याचा संशयही नाहीं. तरीही तें कोठून निघालें, केव्हां पोंचलें आणि कोठें उतरलें, हें उद्यां कोणालाही जुळवून सांगतां येईल.

या नोंदी कशा होतात तें समजून घेणें अवघड नाहीं. गाडीच्या काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगच्या पट्टींत एक बारीक चकती व धातूचें वेटोळें असतें. पट्टीला स्वतःची वीज नसते. नाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडतें, त्या लहरींच्याच बळावर पट्टी जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठविते. क्रमांक खात्याशीं जोडलेला, खातें नांवाशीं जोडलेलें. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून, आणि महाराष्ट्र सरकारच्या अखत्यारींतील नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून ही पट्टी आवश्यक झाली. ती नसेल तर जादा पथकर पडतो. रांगा कमी झाल्या व चिल्लरीची हुज्जत मिटली, हा लाभ खराच. पण पूर्वीं नाक्यावर दिलेल्या नाण्याला नांव नव्हतें. आतां प्रत्येक पथकराला नांव आहे, वेळ आहे आणि ठिकाण आहे.

मोबाईलची गोष्ट अशीच. बोलणें सुरू नसतांनाही तो जवळच्या मनोऱ्याशीं संबंध राखून असतो. एरवीं आलेला फोन कोठें पोंचवावा हें कंपनीला कळणारच नाहीं. कोणी कोणाला, केव्हां व कोणत्या मनोऱ्याच्या टापूंतून फोन केला, याची यादी कंपन्यांनीं निदान दोन वर्षें जपून ठेवावी, असें बंधन केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें घातलें. त्यापूर्वीं ही मुदत एक वर्षाची होती.

कमानीवरील कॅमेऱ्याची रीत मात्र विशेष लक्ष देण्याजोगी आहे. एखाद्या जागीं वेग मोजणारें यंत्र असेल तर चालक तेवढ्यापुरता ब्रेक लावतो आणि पुढें पुन्हां गाडी भरधाव सोडतो. यावर उपाय म्हणून दोन ठिकाणांमधील सरासरी वेग काढतात. समजा, दोन कमानींमधील अंतर १२ किलोमीटर आहे आणि मर्यादा ताशीं १०० किलोमीटर. मर्यादेंत चालणाऱ्या गाडीला हें अंतर कापावयास निदान ७ मिनिटें १२ सेकंद लागलीं पाहिजेत. एखादी गाडी ६ मिनिटांतच दुसऱ्या कमानीखालीं आली, तर ती सरासरी १२० च्या वेगानें आली, हें गणितच सांगतें.

युक्ति नामी आहे. पण तिच्या पोटांत एक गोष्ट दडलेली आहे. पहिल्या कमानीखालून जाणारी कोणती गाडी पुढें नियम मोडणार, हें यंत्राला ठाऊक नसतें. म्हणून त्याला प्रत्येक गाडीची नोंद घ्यावीच लागते. दोषी कोण हें शोधण्यासाठीं आधीं सगळ्यांनाच टिपावें लागतें. जुन्या काळीं आधीं संशय येई व मग पाळत ठेवली जाई. येथें पाळत आधीं आहे आणि संशय मागून येतो. राज्यसत्तेच्या रीतींत झालेला हा पालट वरवर दिसतो त्याहून फार मोठा आहे.

या व्यवस्थेचा हेतु वाईट आहे, असें कोणीं समजूं नये. घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेला ट्रक, मार्गिका सोडून घुसणारी गाडी आणि झोपेनें डोळा लागलेला चालक यांनीं किती तरी घरांतील कर्तीं माणसें हिरावून नेलीं आहेत. बेफाम वेगाला आळा बसत असेल, अपघात होतांच मदत निघत असेल, तर तो लाभ कमी मोलाचा नव्हे. रस्ता ही सार्वजनिक जागा आहे, तेथें आपल्याला कोणी पाहूंच नये असा हट्ट कोणालाही धरतां येणार नाहीं. पाहिलें जाणें आणि नोंदलें जाणें यांत जो भेद आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष होतां कामा नये.

वडगांवच्या बाजारपेठेंत एखाद्याला दहा ओळखीचे लोक भेटतात. त्यांतील प्रत्येकानें त्याचा एक क्षण पाहिलेला असतो; त्याचा सगळा दिवस कोणापाशींच नसतो. नोंदी एकत्र केल्या म्हणजे हाच सगळा दिवस, सगळें वर्ष एका जागीं उभें राहतें. दर बुधवारीं तळेगांवच्या इस्पितळाकडे जाणारी गाडी घरांतील आजाराची वार्ता सांगते, जी कदाचित् सख्ख्या भावालाही सांगितलेली नसेल. कामशेतच्या चहाच्या दुकानापाशीं एक पत्रकार आणि एक सरकारी नोकर यांचे मोबाईल एकाच वेळीं अर्धा तास थांबले, तर बातमी कोणीं दिली हें वेगळें विचारावें लागत नाहीं. संपाच्या आदल्या रात्रीं कोणत्या कामगाराची दुचाकी कोणाच्या घराकडे वळली, यावरून उद्यांच्या सभेचा बेत कळतो. यांपैकीं एकही कृत्य बेकायदेशीर नाहीं. परंतु हें सारें कोणी टिपून ठेवीत आहे अशी जाणीव झाली, कीं रोगी वैद्याकडे जातांना कचरतो, नोकर खरें सांगण्यास भितो आणि कामगार सभेला जाण्याचें टाळतो. एकाही माणसाला न धरतां, एकही खटला न भरतां स्वातंत्र्य आकसूं लागतें.

राज्यसत्तेनें प्रजेवर नजर ठेवणें हें आपल्याकडे नवें नाहीं, आणि तें केवळ परक्यांनींच केलें असेंही नाहीं. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे परगांवाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याचें काम असे. नाना फडणीसांच्या बातमीदारांचें जाळें तर प्रसिद्धच आहे. तरीही घराचा उंबरठा ही एक मर्यादा मानली जाई. ती किती जपण्याजोगी आहे, हें पुण्यानें १८९७ सालीं अनुभवलें. प्लेगच्या सांथीसाठीं त्या वर्षीं फेब्रुवारींत खास कायदा झाला, आणि प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या अंमलाखालीं गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊं लागले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद उरला नाहीं. सांथ हटविणें हा हेतु रास्तच होता. पण त्या हेतूच्या नांवाखालीं वापरलेल्या अधिकाराला मर्यादा नव्हती आणि दाद मागावयास जागा नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधु मावळच्या वाटेवरील चिंचवडचे. त्या कृत्याविषयीं कोणाचें मत कांहींही असो. उंबरठा ओलांडला गेल्याची जखम किती खोल होती, याची साक्ष तें खचित देतें.

त्याच राजवटीनें दुसऱ्या एका वर्गावर याहून जबर पाळत ठेवली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें व त्याच्या पुढील आवृत्त्यांनीं जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या. पारधी, कैकाडी अशा अनेकांना पोलिसांकडे नांव नोंदवावें लागे, ठरल्या वेळीं हजेरी द्यावी लागे, गांव सोडण्यास परवानगी घ्यावी लागे. सोलापुरास तर त्यांना तारेच्या कुंपणांत ठेवलें होतें. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. डाग मात्र कायद्याबरोबर गेला नाहीं. एकदां वहींत चढलेलें नांव वही मिटली तरी पुसलें जात नाहीं, हा धडा त्या जमाती अद्याप भोगीत आहेत.

स्वातंत्र्यानंतर हा वाद न्यायालयांत गेला. उत्तर प्रदेशांत खरकसिंग नांवाच्या इसमावर दरोड्याचा आळ आला होता. पुरावा नसल्यानें तो सुटला, तरी पोलिस रात्रीं-अपरात्रीं त्याचें दार ठोठावीत. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रात्रींच्या या घरभेटी बेकायदा ठरविल्या. पण दुरून पाळत ठेवण्यास हरकत घेतली नाहीं, कारण खासगीपणा हा हक्क घटनेंत नाहीं असें बहुमताचें म्हणणें पडलें. न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं मात्र वेगळें मत दिलें. खासगीपणा हा वैयक्तिक स्वातंत्र्याचाच आवश्यक भाग आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हेंच मत पुढें मान्य व्हावयास पंचावन्न वर्षें लागलीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

त्या निर्णयानें सरकारचे हात बांधून टाकले, असें मात्र नाहीं. सरकार या हक्कावर मर्यादा घालूं शकतें. पण त्यासाठीं कायद्याचा आधार हवा, हेतु रास्त हवा, आणि योजलेला उपाय हेतूच्या प्रमाणांत हवा. डांस मारण्यासाठीं घर जाळूं नये, एवढाच या शेवटल्या अटीचा साधा अर्थ. अधिकाराचा दुरुपयोग होऊं नये म्हणून अंकुशही हवा.

या कसोट्या कागदावरच राहतात असेंही नाहीं. टेलिफोनवरील संभाषण ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्यानें दिला होता. पण तो सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपुरताच. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास लगाम घातला: हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा हवा, तो ठराविक मुदतीचा हवा, आणि तपासणी-समितीपुढें गेला पाहिजे. या बंधनांना दांत आहेत, हें मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१९ मध्यें दाखवून दिलें. लांचेच्या एका प्रकरणांत एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन हुकूम केंद्राच्या गृहखात्यानें काढले होते. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच तेथें नव्हता, असें ठरवून न्यायालयानें तिन्ही हुकूम रद्द केले आणि जमविलेलीं ध्वनिमुद्रणें नष्ट करण्यास सांगितलें. जुना तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी हें तत्त्व जुनें झालेलें नाहीं.

हीच कसोटी घाटांतील कमानींस लावून पाहावी. कायद्याचा आधार आहे: मोटार-वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेलें १३६-अ हें कलम, आणि त्याखालील ऑगस्ट २०२१ चा नियम. कॅमेरा जेथें असेल त्याआधीं ठळक सूचनाफलक हवा, नियमभंगाची सूचना पंधरा दिवसांच्या आंत पाठवावी, आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपावी, असें हा नियम सांगतो. हेतु रास्त आहे, याविषयीं दुमत नाहीं. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. ज्यानें नियम मोडला त्याची नोंद निकालापर्यंत ठेवावी, हें समजण्याजोगें आहे. ज्यानें नियम पाळला त्याचें काय? त्याची गाडी दुसऱ्या कमानीखालून सुखरूप व वेळेंत गेली त्या क्षणीं नोंदीचें प्रयोजन संपलें. प्रयोजन संपलेली नोंद ठेवणें म्हणजे निरपराध्याची हकीकत, पुढें केव्हां तरी उपयोगी पडेल म्हणून, सांठवून ठेवणें होय. रस्त्यावरील सुरक्षिततेसाठीं केलेली वही दुसऱ्या कोणत्या कामासाठीं, कोणाच्या हुकुमानें उघडावी, हेंही तितकेंच स्पष्ट असलें पाहिजे.

व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं संसदेनें वेगळा कायदाही केला. माहिती ज्या कामासाठीं घेतली त्या कामापुरतीच ती वापरावी व काम संपतांच पुसावी, हें तत्त्व त्यानें मान्य केलें आहे. परंतु देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठीं सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यांतून वगळण्याचा अधिकारही त्याच कायद्यानें केंद्र सरकारला दिला आहे. दुकानदाराला जें बंधन, त्यांतून पहारेकऱ्याला सूट, असा हा प्रकार आहे. आणि नागरिकाला खरें भय असतें तें दुकानदारापेक्षां पहारेकऱ्याचेंच.

यावर एक उत्तर नेहमीं ऐकूं येतें. ज्यानें वाईट केलें नाहीं त्याला लपविण्यासारखें काय असणार? हें उत्तर देणारे गृहस्थही घरीं न्हाणीघराचें दार लावतात आणि पत्र पोस्टकार्डावर न लिहितां पाकिटांत घालतात. पाकिटांतील मजकूर नेहमीं कटाचा नसतो. मुलीच्या सासरची चिंता, भावाचें कर्ज, आईचें दुखणें असाच तो असतो. तो पापाचा नाहीं, पण परक्याचाही नाहीं. शिवाय आज निर्दोष असलेली गोष्ट उद्यांही निर्दोष मानली जाईल, याची हमी कोणीं द्यावी? राज्यकर्ते बदलतात, वह्या तशाच राहतात.

सुशिक्षित घरांनीं करण्यासारख्या कांहीं गोष्टी आहेत. हॉटेलांत आधारपत्र द्यावें लागलेंच, तर पहिले आठ अंक झांकलेली प्रत देतां येते. ती प्राधिकरणाकडूनच मिळते. आपल्या नगरपालिकेनें अथवा सोसायटीनें कॅमेरे बसविले, तर चित्रें किती दिवस ठेवतात, तीं कोण पाहूं शकतो, कोणत्या कारणासाठीं, आणि तक्रार कोणाकडे करावी, हे चार प्रश्न सभेंत उभे राहून विचारावे. सरकारी खात्याला हेच प्रश्न २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं लेखी विचारतां येतात. पाहणाऱ्याला पाहण्याचा हक्क लोकशाहींत नागरिकाला आहे, आणि न वापरलेला हक्क गंजतो.

बोरघाटाच्या माथ्यापासून थोड्याच अंतरावर कार्ल्याचीं लेणीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं या वाटेवरच्या व्यापाऱ्यांनीं, गंध्यांनीं, सुतारांनीं आणि परदेशी यवनांनींही तेथें दानें दिलीं व आपलीं नांवें कोरून घेतलीं. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचें नांव आजही तेथें वाचतां येतें. त्या वाटसरूंची तेवढीच ओळख उरली, जेवढी ठेवावी असें त्यांना स्वतःला वाटलें. त्यांनीं वाटेंत काय खाल्लें, कोणाशीं कुजबुजले, कोणाच्या घरीं उतरले, हें घाटानें कोणाला सांगितलें नाहीं. त्याच डोंगराखालून आज द्रुतगति मार्गावर जाणाऱ्या प्रवाशाला अपघातापासून संरक्षण मिळावें, हें योग्यच आहे. त्याबरोबर, आपल्याविषयीं काय कोरलें जावें व काय पुसलें जावें, हें ठरविण्याचा त्याचा अधिकारही सुरक्षित राहिला पाहिजे. पहारा असावा; पण प्रवासी सुखरूप गेल्यावर विसरून जाण्याचें कर्तव्यही पहारेकऱ्याला कायद्यानें शिकवावें लागेल.